बिनआवाजाचा हेडर

ज्या महिन्यात गाडीतून नको तेवढा आवाज यायला लागला, त्याच महिन्यात राजसीला दोन वर्षं पूर्ण झाली, आणि राजसीतून हवा तेवढाही आवाज येईना. रडायची, हसायची, खुणा करायची. पण शब्द म्हणून एक नाही. चैत्रालीला एका वेळी एकच काळजी करायची सवय नव्हती. त्यामुळे हे दोन आवाज तिच्या डोक्यात एकमेकांत जे गुंतले, ते गुंतलेच.

डॉक्टरांनी राजसीचे कान तपासून घेतले. कान उत्तम निघाले. काही मुलं उशिरा बोलतात, थोडी वाट बघा, घरात टीव्हीबिव्हीचा गोंगाट कमी ठेवा आणि तिच्याशी बोलत राहा, एवढंच ते म्हणाले. दुसरी कुणी असती तर घरी येऊन टीव्हीचा आवाज कमी केला असता आणि वरणाला फोडणी घातली असती. पण चैत्राली रसायनशास्त्राची पदवीधर, अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होती. रंगाची छटा जराशी चुकली तर ती अख्खी बॅच अडवून ठेवायची. ही तर पोटची मुलगी.

तिने घरात नियम केले. टीव्ही बंद. मोबाइल फक्त बेडरूममध्ये, दार लावून. चहा, बिस्किटं, साखर राजसीपासून लांब, कारण साखरेने मुलांचं लक्ष उडतं असं तिने कुठेतरी वाचलं होतं. राजसीशी सगळ्यांनी शुद्ध आणि पूर्ण वाक्यांत बोलायचं. 'मम्मं हवी का' असं नाही, 'राजसी, तुला भात हवा आहे का' असं. सकाळ-संध्याकाळ चित्रांची कार्डं दाखवायची. तिने बोट दाखवून काही मागितलं तर लगेच द्यायचं नाही, शब्दाची वाट बघायची. अशी वाट बघता बघता एकदा राजसी पाण्याच्या तांब्यासमोर झोपून गेली. ते पाहून चैत्रालीच रडली. नियम मात्र राहिला.

नियम पाळणारी माणसं तीन. सासूबाई मालिनीताई, सासरे दिनानाथ, आणि राजसीला सांभाळायला रोज जांभूळ गावाहून येणाऱ्या मोतीबाई. चैत्रालीचा विचार होता की हॉलमध्ये एक कॅमेरा लावावा. त्यावर दिनानाथ म्हणाले की कंपनीत सुपरवायझर म्हणून जन्मभर मी दुसऱ्यांवर नजर ठेवली, आता या वयात कुणाची नजर अंगावर नको. कॅमेरा बारगळला. तशी त्याची गरजही दिसत नव्हती. चैत्राली एखाद्या दुपारी किंवा संध्याकाळी घरी आली की दार उघडताच समोर नुसतं बघत राहावं असं दृश्य असायचं. टीव्हीवर टॉवेल झाकलेला. मालिनीताईंच्या हातात फुलपाखराचं कार्ड. दिनानाथ पेपर वाचतायत. मोतीबाई कपड्यांच्या घड्या घालतायत. आणि मधोमध राजसी, लाकडी ठोकळ्यांसमोर, शहाण्यासारखी गप्प.

इतकं शिस्तीचं घर चैत्रालीने कुठल्या जाहिरातीतही पाहिलं नव्हतं. आपण घर किती छान लावलंय याचा तिला अभिमान वाटायचा, आणि तरीही मुलगी का बोलत नाही या विचाराने जेवण जायचं नाही.

मग ती घरातले उरलेले आवाज शोधायला लागली. मिक्सर गॅलरीत गेला. कुकर लावताना स्वयंपाकघराचं दार लागायला लागलं. दिनानाथांना शिंका बाथरूममध्ये जाऊन द्यायची विनंती झाली. सगळं करून जो आवाज उरला, तो ती स्वतःच रोज घरी आणत होती.

गाडी लहानशी, ऑटोमॅटिक. ऑटोमॅटिक घ्यायचं कारण, क्लच शिकवता शिकवता ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनीच तिला हात जोडले होते. ही गाडी हल्ली फाट-फाट करत चालायची. घराजवळच्या कात्रपच्या नाक्यावर वळली की सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात कळायचं. नाक्यावरच्या गॅरेजवाल्या कैलासने बॉनेट उघडून सांगितलं की मेनिफोल्डला तडा गेलाय. म्हणजे इंजिनातला जळका धूर मागच्या सायलेन्सरकडे नेणारा जो ओतीव लोखंडी तुकडा असतो, त्याला. कंपनीकडून नवा मागवला तर कधी येईल सांगता येत नाही. नाहीतर उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये जा, तिथे त्याच जागी बसणारे स्टीलच्या नळ्यांचे हेडर मिळतात, हवे तसे.

तडा आणि धूर हे दोन शब्द एका वाक्यात ऐकल्यावर चैत्रालीने राजसीला गाडीत बसवणं त्याच दिवशी बंद केलं, आणि संध्याकाळी घरात जाहीर केलं की आता हेडर बदलायचा आणि गाडी एकदम शांत करायची.

हे ऐकून घरात जी शांतता पसरली, ती नियमांच्या शांततेहून वेगळी होती. मालिनीताई म्हणाल्या की चालतेय ना गाडी, मग उगाच तिच्या पोटात कशाला हात घालायचा. दिनानाथांचं मत पडलं की बाईमाणूस गाडी चालवत असताना आवाज असलेला बरा, रस्त्यावरचे लोक आपणहून बाजूला होतात. निघायला दारात उभ्या असलेल्या मोतीबाईही थांबल्या.

"वयनी, आवाज बरा हाय," त्या म्हणाल्या. "घराला जाग रेते."

आपल्या मागे कामाची यातायात लागू नये म्हणून ही माणसं किती जपतात, या विचाराने चैत्रालीला भरून आलं. तिने ठरवलं, आता तर बदलायचाच.

पुष्कर, तिचा नवरा, पुण्याला नोकरीला होता आणि शनिवारी-रविवारी यायचा. बाकीचे दिवस तो फोनवरून संसार करायचा. गाड्यांचे व्हिडिओ पाहण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याने फोनवर तिला हेडर समजावून सांगितला. चार नळ्या एकदम एकीत घुसतात तो चार-एक. चारांच्या पहिल्यांदा दोन होतात आणि मग एक, तो चार-दोन-एक. चार-एक वरच्या वेगाला जोर देतो, तर चार-दोन-एक खालच्या वेगाला.

"आपली ऑटोमॅटिक आहे चैतू, गिअर ती स्वतः ठरवते," तो म्हणाला. "तिला खाली जोर लागतो. डोळे मिटून चार-दोन-एक घे."

"यातला आवाज कुठल्याचा कमी?"

यावर पुष्करकडचं नेटवर्क गेलं.

शनिवारी पुष्कर आला नाही, आणि दिनानाथ म्हणाले, मी येतो. गेल्या कित्येक दिवसांत ते भाजीलाही खाली उतरले नव्हते. पण त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत येऊन बसले. सोफ्याची दुकानं, कापडाची दुकानं आणि मिठाईची दुकानं यांच्या मधल्या एका बोळात हशूभाईंचं दुकान होतं. भिंतीवर हेडर टांगलेले होते. स्टीलच्या केळ्यांचे घडच जणू, चकचकीत, काही निळसर झाक मारणारे. काउंटरमागे हशूभाई, दोन्ही हातांत अंगठ्या, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी.

"बोलो मॅडम. लडका कितने साल का है?"

"मुलगी आहे. दोन वर्षं झाली," चैत्राली म्हणाली. "अजून बोलत नाही."

हशूभाईंनी एकदा दिनानाथांकडे पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडे आया येतात त्या मुलांना घेऊन येतात, मुलगा पास झाला किंवा नापास झाला की. गाडी मॅडम स्वतः चालवतात हे कळल्यावर त्यांनी गल्ल्यावरच्या गणपतीला हात लावला आणि मोबाइल काढला. प्रत्येक हेडरचा आवाज त्यांनी त्यात भरून ठेवला होता. एक लावला, बंद केला. दुसरा लावला. तिसऱ्याला शेजारच्या मिठाईवाल्याने डोकावून पाहिलं.

"हा विठ्ठलवाडीला चालू केला ना," हशूभाई म्हणाले, "तर इथं माझ्या चहाचा कप हलतो."

चैत्राली कान झाकून उभी होती. दिनानाथ पुढे झुकले.

"याचा आवाज कितीपर्यंत पोचेल?"

"अंकल, आपको कहाँ तक चाहिए?"

"समजा, नाक्यावरून तिसऱ्या मजल्यापर्यंत. खिडक्या लावलेल्या असताना. आणि माणसाला दोन-तीन मिनिटं मिळायला हवीत."

हशूभाईंच्या चेहऱ्यावर आदर दाटून आला. चैत्रालीने सासऱ्यांकडे पाहिलं, तेव्हा ते म्हणाले की घरात म्हातारी माणसं असली की कोण येतंय याचा अंदाज असलेला बरा. बिचारे, तिला वाटलं, दिवसभर वाट बघत असतात माझी.

तिने हशूभाईंना स्पष्ट सांगितलं की तिला ज्याचा आवाजच येणार नाही असा हेडर हवा. हशूभाई दुखावले. एखाद्या हलवायाला बिनसाखरेचा पेढा मागितल्यासारखं झालं.

"मॅडम, बिनआवाजाचा माल कॅम्प दोनमध्ये कोण ठेवणार? तो तर कंपनीवाले गाडीसोबत देतात."

शेवटी पुष्करला फोन झाला, पुष्कर आणि हशूभाई यांचं दहा मिनिटं एकमेकांशी फार छान जमलं, आणि चार-दोन-एक ठरला. हा मक्खन आहे, चालू केल्यावर तुम्हाला स्वतःला विचारावं लागेल की चालू आहे का, असं हशूभाईंनी डोक्यावर हात ठेवून सांगितलं. कुणाच्या डोक्यावर ते नीट दिसलं नाही, पण बहुधा दिनानाथांच्या.

तो बसवून परत निघाल्यावर सपाट रस्त्यावर गाडी खरंच बरी चालली. मग उड्डाणपुलाचा चढ लागला. ऑटोमॅटिक गाडीला काय वाटलं कोण जाणे, ती खालच्या गिअरमध्ये अडून बसली, आणि चारही नळ्यांनी मिळून जो सूर लावला, त्याने पुढची रिक्षा आपोआप कडेला गेली. चैत्रालीने घाबरून पाय आणखी दाबला. गाडीने आणखी मोठ्याने सांगितलं. पूल उतरल्यावर ट्रॅफिक पोलिसाने हात केला, खिडकीशी आला आणि पुढची सीट, मागची सीट, पुन्हा पुढची सीट पाहून विचारलं, गाडी चालवणारा मुलगा कुठंय. तिथे डब्याची पिशवी मांडीवर घेतलेले दिनानाथ आणि घामाने डबडबलेली चैत्राली होती. त्याने समज देऊन सोडलं. दिनानाथ उरलेला रस्ताभर खिडकीबाहेर बघत मंद हसत होते.

घरी पोचले तर मालिनीताई आणि मोतीबाई गॅलरीत उभ्या. नाक्यापासून ऐकू आलं, म्हणाल्या. त्या संध्याकाळी मालिनीताईंनी शिरा केला, नियमाप्रमाणे गुळाचा. पुष्करने फोनवरून आवाज ऐकला आणि हेलावून पुन्हा एकदा ऐकवायला लावला. चौथ्या मजल्यावरचे सोसायटीचे सेक्रेटरी शंकरराव मात्र दुसऱ्या दिवशी दारात आले. आवाजाचा त्यांना स्वतःला काही त्रास नाही, म्हणाले, पण त्यांच्या शोकेसमधल्या बश्या गाडी आली की एकमेकींना टेकतात.

चैत्राली शरमेने अर्धी झाली. त्यात मोतीबाईंनी कौतुकाने सांगितलं की राजसी तर किती हुशार, गाडीचा आवाज आला रे आला की धावत जाऊन ठोकळ्यांसमोर बसते. हे ऐकताच मालिनीताईंनी मोतीबाईंकडे असं काही पाहिलं की त्या लसूण सोलायला आत निघून गेल्या.

चैत्रालीने लगेच अर्थ लावला. म्हणजे आवाजाला घाबरून मुलगी जागच्या जागी बसते. म्हणून ती बोलत नाही. ते सगळं आपल्या गाडीमुळे. तिने त्या आठवड्यात कुणाला न सांगता अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एकटीच हशूभाईंपुढे जाऊन उभी राहिली.

तिचा चेहरा पाहून हशूभाईंनी वाद घातला नाही. ते दुकानाच्या मागच्या खोलीत गेले, बराच वेळ धडधड आवाज झाला, आणि एक काळा, ओतीव, ठेंगणा तुकडा फडक्याने पुसत बाहेर आले. अपघात झालेल्या तिच्याच जातीच्या गाडीतला, कंपनीचा मेनिफोल्ड. तडा नाही, भोक नाही, चमकही नाही. त्यांनी तो बसवला, वरून आवाज दाबायला जाळीचं वेष्टण आवळलं आणि इंजिन चालू केलं. चैत्राली वाट बघत बसली. मग तिने स्वतः किल्ली फिरवली, तेव्हा कर्रकन आवाज झाला, कारण गाडी आधीच चालू होती.

"झालं मॅडम," हशूभाई खालच्या आवाजात म्हणाले. "फक्त एक करा. कुठून बसवला ते कुणाला सांगू नका. मार्केटमध्ये माझी इज्जत आहे."

परतताना चैत्रालीला आपल्या गाडीचा इंडिकेटर टिकटिकतो हे पहिल्यांदाच कळलं. डब्यातला चमचा वाजत होता. पुलाच्या चढावर गाडीने नुसता सुस्कारा सोडला. सोसायटीच्या फाटकातून ती आत शिरली तरी वॉचमनची मान पेपरातून वर आली नाही. आता राजसी घाबरणार नाही, घाबरली नाही तर बोलेल, असं मनाशी म्हणत ती जिना चढली आणि किल्ली लावणार तोच थांबली.

आत कुणीतरी बोलत होतं. लहान, खणखणीत, अखंड.

"ह्ये काय हाय? बोल. बोल ना. डोल्यात बग माज्या. नाय बोलला तर पानी नाय."

पहिल्यांदा तिला वाटलं, मोतीबाईंनी आज नात आणली असावी. तिने आवाज न करता किल्ली फिरवली आणि दार बोटभर उघडलं.

टीव्हीवरचा टॉवेल खाली पडला होता आणि पडद्यावर रंगीत ससे पळत होते. दिनानाथ पाटावर मांडी घालून बसले होते. त्यांच्यासमोर राजसी उभी. एका हातात फुलपाखराचं कार्ड, उलटं धरलेलं, दुसऱ्या हातात बिस्किट.

"पोपट?" दिनानाथांनी भीत भीत विचारलं.

"नाय. परत बोल. नीट बोल."

चैत्राली दाराच्या चौकटीला टेकली. भाषा मोतीबाईंची होती, पण तो स्वर तिच्या ओळखीचा होता. रोज संध्याकाळी तो तिच्याच तोंडून निघत होता. फक्त तो ऐकायला असा लागतो, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मालिनीताई बशीत चहा ओतून फुंकर घालत होत्या. "राजू, बाळा, एकदा आईसमोर फुलपाखरू म्हण गं," त्या काकुळतीला येऊन म्हणाल्या. "म्हणजे आम्ही तिला सांगायला मोकळे. पहिला शब्द 'च्या' आणि दुसरा 'बिस्कूट', हे कुठल्या तोंडाने सांगू मी तिला? एक शब्द. चांगला. मग सुटलो सगळे."

राजसीने विचार केला. "नको," ती म्हणाली. "च्या दे."

"द्या तिला निवांत," मोतीबाई खिडकीपाशी बसून म्हणाल्या. "गाडी नाय आयली अजून. माजा कान हाय."

तेवढ्यात दार करकरलं.

पुढचं सगळं एका श्वासात झालं. ससे विझले, टॉवेल चढला, बशी सोफ्याखाली गेली, मोतीबाईंच्या हातात कुठूनशी उशीचा अभ्रा आला. दिनानाथांनी पेपर उघडला, पण तोंडातल्या बिस्किटाचं काय करावं हे त्यांना सुचेना. राजसी धावत जाऊन ठोकळ्यांसमोर बसली. आजोबा अजून चावतायत हे पाहून ती त्यांच्याकडे वळली आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाली,

"गप. आई आयली."

आईसमोर तिने म्हटलेलं हे पहिलं वाक्य. चैत्रालीच्या जिभेच्या टोकावर 'आयली नाही, आली' एवढं येऊन ठेपलंसुद्धा होतं. ते तिने कसंबसं गिळलं. सगळे तिच्याकडे बघत होते. मालिनीताईंचे डोळे भरले होते, दिनानाथ चावायचे थांबले होते. आणि राजसी, दार उघडायच्या आधी घर डोक्यावर घेणारी राजसी, आता तोंड घट्ट मिटून, मान खाली घालून, एका ठोकळ्यावर दुसरा ठोकळा ठेवत होती. काळजीपूर्वक. परीक्षेला बसल्यासारखी.

एक पाऊल आत टाकलं तर तो आवाज गेला, हे समजायला क्वालिटी कंट्रोलचा अनुभव लागत नव्हता.

"नाही," चैत्राली म्हणाली. "मी नाही आले अजून."

आणि तिने बाहेरून दार ओढून घेतलं.

ती जिन्याच्या पायरीवर बसली, पर्स मांडीवर घेऊन. आत बराच वेळ कुजबुज चालली. मग मोठ्या माणसांची कुजबुज थांबली आणि लहान आवाजाने विचारलं, "आई गेली?"

"गेली वाटतं," दिनानाथ म्हणाले. ते खोटं बोलताना नेहमी खाकरायचे, तसे खाकरले.

चैत्रालीने पर्समधला मोबाइल बंद केला.

"च्या," आतून हुकूम झाला. मग बशीचा आवाज. मग, "आजोबा, बस हितं. ह्ये काय हाय? बोल."

खालून शंकरराव भाजीची पिशवी घेऊन वर येत होते. तिला पायरीवर पाहून ते दचकले.

"काय वहिनी, किल्ली विसरलात? आणि कधी आलात तुम्ही? गाडीचा आवाजच नाही आला."

"नाही आले अजून," चैत्राली हळूच म्हणाली, आणि सरकून त्यांना पायरीवर बसायला जागा करून दिली.